एक बांगडी कमी

आत्या, तेरवी झाल्यावर आज बाबांनी दुकान उघडलं. शटर वर करून त्यांनी सवयीनं मागं पाहिलं, तू पिशवी घेऊन उभी आहेस का म्हणून. मी उभी होते. त्यांनी मान वळवली आणि झाडायला घेतलं.

पहिलं गिऱ्हाईक रिठदकडचं होतं. आपल्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजाराला आलेली एक बाई, सोबत सून. तिनं तुझ्या गादीकडं पाहिलं आणि विचारलं, "बांगड्यावाल्या बाई नाई दिसून राह्यल्या?"

बाबा डबे लावत राहिले. मी म्हटलं, "आत्या गेली."

"कुठी?" असं ती म्हणाली आणि मग माझ्याकडं पाहून तिला कळलं. "अरे बापा! कवा वं?" तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. "ह्या त्याइनंच भरल्या होत्या, पोयाच्या सनाच्या टायमाले. नाव काय होतं त्याइचं?"

"सुमन."

"सुमनबाई," ती म्हणाली. इतकी वर्षं तुझ्या हातात हात देणारी बाई तुझं नाव पहिल्यांदा घेत होती. मग सुनेकडं पाहून म्हणाली, "पोपटी हायेत का पन? हिले पोपटीच पाह्यजे."

तू हसली असतीस. मी पोपटीचा डबा काढला. बाबांनी त्या बांगड्या भरल्या. सुनेनं बाबांना नमस्कार केला, मग गादीच्या रिकाम्या जागेकडं पाहून तिचा हात अर्धा वर गेला आणि तिथंच राहिला.

मला लोकांत बोलता येत नाही, हे तुला माहीत होतं. तू मला बोलायला लावत नव्हतीस, म्हणूनच बहुधा मी सगळ्यांत जास्त तुझ्याशी बोलले. दुकानाच्या मागच्या खोलीत तू बांगड्या निवडत बसायचीस, एकेक उजेडापुढं धरून, आणि मी समोर दप्तर टाकून बसायचे. कधी कधी एक शब्दही न बोलता संध्याकाळ व्हायची. आई म्हणायची, "दोघी मुक्या."

माझी शाळा वाशीमला, इंग्रजी माध्यमाची. तिथं बांगड्या चालत नव्हत्या, मेंदी चालत नव्हती. बांगड्यांच्या दुकानातली पोरगी आणि मनगटं उघडी, म्हणून शेजारच्या बाया हसायच्या. तू त्यांना एकदाच उत्तर दिलंस, माझ्यासमोर. "या घरात दोघीच रिकाम्या हाताच्या. एकीले इंग्रजीनं केलं, एकीले देवानं." मला त्या वयात वाक्य पूर्ण समजलं नव्हतं. एवढंच समजलं की आपण दोघी एका बाजूला आहोत.

तुझ्या नवऱ्याबद्दल तू कधी बोलली नाहीस. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो गेला, तू परत आलीस आणि आजोबांनी तुला बांगड्यांची टोपली दिली, इतकंच मला माहीत. टोपलीची पुढं पिशवी झाली, पायी जाण्याऐवजी एस.टी. आली, डाव्या मनगटावर बाबांनी दिलेलं घड्याळ आलं. दुसरं काही त्या मनगटावर मी पाहिलं नाही.

आणि त्याच हातांनी तू गावोगावच्या बायांचे हात भरायचीस. बाई ओट्याची पायरी चढली की तिच्या हाताचं माप तुला कळायचं. तू तिचा पंजा आपल्या मांडीवर घ्यायचीस, तेलाचं बोट फिरवायचीस, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबत दाबत हात निमुळता करायचीस. बाई घाबरून बोटं ताठ करायची. मग तू म्हणायचीस, "हात ढिला सोड, माय. मी हावो ना." तिच्या सासूबद्दल विचारायचीस, म्हशीबद्दल विचारायचीस, आणि ती सांगत असताना बांगडी मनगटावर गेलेली असायची. शेवटची एक तू वरून द्यायचीस, आशीर्वादाची. मग ती बाई, केवढ्याही मोठ्या घरची असो, वाकून तुला नमस्कार करायची.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्यासोबत गावोगाव फिरले होते. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी मालकीण बाईंनी बांगड्या भरून घेतल्या, तुझ्या पायाला हात लावला, आणि उठून आत पंख्याखाली गेल्या. आपण ओट्यावर. उन्हानं डोकं तापलं होतं. मी विचारलं, आत का नाही बोलवत?

"बोलावलं तर जाऊ," तू म्हणालीस. "नाई बोलावलं तर ओटा काय वाईट हाय? वारा येते."

वारा येत नव्हता, आत्या. पान हलत नव्हतं.

आणि लग्नाचा चुडा तू कधीच भरायची नाहीस. सणाच्या बांगड्या तुझ्या हातच्या चालायच्या, रोजच्या चालायच्या, पण नवरीच्या हिरव्या चुड्याला बाबा जायचे. तू बरोबर असायचीस. चुडा निवडलेला तूच, पुसलेला तूच, दोऱ्यात ओवून क्रम लावलेला तूच. तू मागं बसून एकेक बांगडी बाबांच्या हातात द्यायचीस. सगळं झालं की नवरी बाबांना नमस्कार करायची आणि मग तिची नजर तुझ्यावर यायची, हिला करायचा की नाही? त्या क्षणी तू नेहमी दोऱ्याची गाठ सोडवत असायचीस. मी खूप लग्नांत पाहिलं. त्या दोऱ्याला कधी गाठ नसायची.

पुढं मी अमरावतीला एम.ए.ला प्राचीन इतिहास घेतला. सेमिनारला विषय आला तो प्राचीन संस्कृतींमध्ये कारागीर आणि व्यापारी यांचं समाजातलं स्थान. मी सगळं इंग्रजीत लिहीत होते आणि सुट्टीत घरी आले की तुला मराठीत सांगत होते. मराठीत सांगायला लागल्यावर लक्षात यायचं की अर्ध्या वाक्यांचा अर्थ मलाच माहीत नाही. तू म्हणायचीस, "म्हंजे?" आणि मी अडायचे.

इजिप्तची गोष्ट तुला फार आवडली. राजांच्या कबरी खोदणारे, रंगवणारे कारागीर एका वेगळ्या गावात राहायचे, असं मी सांगितलं. तू म्हणालीस, "उपाशी मारले असतीन." मी म्हटलं, नाही, त्यांना घरं होती, धान्य मिळायचं, आणि एकदा धान्य वेळेवर आलं नाही तर त्यांनी काम थांबवलं, हत्यारं ठेवली आणि जाऊन बसले. तू हातातली बांगडी खाली ठेवलीस. "संप?" "हो, संपच." त्यानंतर मानोऱ्याच्या गाडीत तू शेजारच्या बाईला सांगत होतीस, "तिकडं मिसर देशात कासारायनं संप केला होता म्हने." मी तुला कोपर मारलं. "कासार नव्हते, आत्या." तू म्हणालीस, "कोनी का असना. आपल्यातलेच."

लेण्यांचं सांगितलं तेव्हाही तू खूश होतीस. सुतार, लोहार, अत्तरवाले, व्यापारी यांनी खांब दिला, पाण्याचं टाकं दिलं, आणि दगडात नावासोबत आपला धंदाही कोरून ठेवला. "म्हंजे धंदा लपवत नव्हते," तू म्हणालीस. आपलं वाशीमही एकेकाळी राजधानी होती, हे सांगितल्यावर तू म्हणालीस, "मंग रान्या असतीन. रानीचा हात बी ढिला केल्याबिगर भरल्या जात नाई."

चीनवरून मात्र आपलं भांडण झालं. तिथल्या जुन्या विचारवंतांनी समाजाच्या चार पायऱ्या मानल्या, विद्वान, शेतकरी, कारागीर आणि सगळ्यात खाली व्यापारी, कारण तो स्वतः काही पिकवत नाही, घडवत नाही. तू विचारलंस, "अन् आपन?" मी पुस्तकी उत्तर दिलं. बांगडी फिरोजाबादचा माणूस बनवतो, आपण विकतो, म्हणजे आपण व्यापारी. शेवटच्या पायरीवर.

"मी इकते का?" तू म्हणालीस. "इकते तुह्या बाप. मी भरते."

मी म्हटलं भरणं ही सेवा झाली, त्यातून वस्तू तयार होत नाही. तू पुन्हा बांगड्या निवडायला घेतल्यास. हे भांडण आपण मिटवलं नाही, फक्त त्यावर बोलणं सोडून दिलं.

दिवाळीनंतर माझं जमलं. मुलगा अकोल्याला नोकरीला, शांत, घरचे बरे. साखरपुडा झाला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळ्या असताना मी म्हटलं, "माझा चुडा आत्या भरेल." चार माणसांत मी स्वतःहून बोललेलं बहुतेक तेच पहिलं वाक्य असेल. आईच्या हातातली पळी थांबली. तू उठून मागच्या खोलीत गेलीस.

आईनं मग मला परसात नेऊन सांगितलं. मी लहान असताना रिसोडकडच्या एका गावात लग्न होतं, बाबा तापानं फणफणले होते, मुहूर्त जवळ येत होता. नवरीची आई म्हणाली, तुमीच भरा बाई, आता कोनाले आनू? आणि तू भरलास तिचा चुडा. वर्ष सरायच्या आत त्या मुलीचा नवरा मोटरसायकलवरून गेला, ट्रकखाली. गावानं ट्रकवाल्याला शिव्या दिल्या त्याहून जास्त तुला दिल्या. तेव्हापासून त्या गावाची गाडी लागली की तू खिडकीकडं पाठ करून बसायचीस. मी तुझ्यासोबत बसलेली असायचे, मला वाटायचं तुला ऊन लागतंय.

मी मागच्या खोलीत आले.

"तू भरणार नसशील तर मी चुडाच भरणार नाही."

"नको भरू. शायेत कुठी भरत होती?"

"आत्या, मी गंमत करत नाही."

"मी बी नाई. तुह्या बाप भरन. त्याचा हात चांगला हाय."

"तुझ्याहून?"

"त्याच्या हाताले कोनी काही म्हनत नाई. तसा चांगला म्हनते मी."

मी म्हटलं, ट्रक होता, रस्ता होता, पाऊस होता, तुझा काय संबंध? तू डबा बंद केलास.

"संबंध नसन. पन नवरा गेल्यावर थे पोरगी मले बाजारात दिसली. तिचे हात पाह्यले मी. माह्यावानी. अन् तिनं मले वाकून नमस्कार केला. आता बोल."

मला सोडून देणं जमेना, म्हणून मी माझ्याकडं होतं ते आणलं. पुढच्या सुट्टीत तुला मोबाइलवर हडप्पाच्या काळातल्या कबरींचे फोटो दाखवले. मातीत एका बाईचा सांगाडा, डाव्या हाताच्या हाडांवर शंखाच्या बांगड्या. तू दोन बोटांनी फोटो मोठा केलास, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा डोळ्यांवर घेतलास. मी सांगितलं की अभ्यासकांच्या मते अशा बांगड्या बायका वर्षानुवर्षं घालायच्या. मी म्हटलं, "बघ, मेल्यावरही काढल्या नाहीत. कुणी फोडल्या नाहीत. हजारो वर्षांपूर्वी."

तू बराच वेळ पाहत राहिलीस. मग विचारलंस, "हिचा नवरा आधी मेला का मांगून?"

"ते हाडांवरून कळत नाही, आत्या."

"मंग कायले सांगतं? सवाशीन मेली तर आपल्यात बी भरूनच पाठवतात." तू मोबाइल माझ्या हातात दिलास. पण लगेच पुन्हा मागून घेतलास आणि ती हाडं पाहिलीस. "इचार तुह्या सरले. कळत असन कुठून तरी."

तू चिडवत नव्हतीस. तुला खरंच उत्तर हवं होतं. कुठंतरी, कधीतरी, नवरा गेल्यावरही एखाद्या बाईच्या हातात बांगडी राहू दिली होती का, एवढंच तुला कळायला हवं होतं. ते कळलं असतं तर कदाचित तू माझा हात भरायला घेतला असतास.

मी सरांना विचारलं. वर्ग सुटल्यावर, सगळे गेल्यावर. ते म्हणाले, सांगता येणार नाही. त्यांच्या रूढी आपल्याला माहीत नाहीत, आपल्या रूढी त्यांच्यावर लादू नयेत. मग म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. तुला सुचला?"

"माझ्या आत्याला."

"काय करतात त्या?"

"बांगड्या भरतात," मी म्हटलं.

विकतात नाही म्हटलं, आत्या. भरतात म्हटलं. हे तुला सांगायचं राहिलं. फोनवर मी फक्त एवढंच सांगितलं की सरांनाही माहीत नाही, आणि तू म्हणालीस, "असू दे."

त्यानंतर घरी आले तेव्हा तू पत्र्याच्या गोल डब्यातून माझा चुडा काढलास. निवडून, पुसून, दोऱ्यात ओवून ठेवलेला. माझं माप तू कधी घेतलं नव्हतंस. हिरवा असा की उजेडापुढं धरल्यावर शेवाळलेल्या विहिरीत वाकून पाहिल्यासारखं वाटावं. मी विचारलं, "भरणार कोण?"

तू दोरा पुन्हा बांधलास. या वेळी खरी गाठ मारलीस.

"पाहू," तू म्हणालीस.

त्या एका शब्दावर मी महिना काढला. "पाहू" म्हणजे "नाही" नव्हे, असं मी स्वतःला रोज समजावत होते.

मग एका सकाळी दुकानात तुझ्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला अमरावतीहून येता येता दुपार कलली. अंगणात माणसं होती, आत बायका. तुला आंघोळ घातली होती, पांढरं लुगडं नेसवलं होतं. घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं होतं आणि डाव्या मनगटावर त्याच्या जागी पट्ट्यासारखी फिकट कातडी दिसत होती. त्या काळ्यासावळ्या हातावर तेवढीच जागा लहान मुलीच्या हातासारखी होती.

माझ्याच्यानं ती पाहवेना. मी मागच्या खोलीत गेले, डबा उघडला, दोऱ्याची गाठ दातांनी सोडवली आणि एक बांगडी घेऊन आले.

आई पुढं आली. "पोरी, तुह्या चुड्यातली हाय थे!"

मोठी काकू तुझ्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "विधवेच्या हातात बांगडी? शिकून शिकून येडी झाली का काय वं? अन् थे बी नवरीच्या चुड्यातली! तुले संसार करायचा हाय का नाई?"

मला त्यांना काही सांगायचं होतं. हडप्पाचं, सरांचं, ओट्याचं. मी नुसती तुझ्याजवळ बसले आणि तुझा हात मांडीवर घेतला.

तो ढिला होत नव्हता, आत्या. तू शिकवलं होतंस तसं मी अंगठ्याखाली दाबलं, पुन्हा दाबलं. बोटं वाकलेली, तशीच धरलेली. गार. बांगडी बोटांच्या पेरांवर येऊन अडली. जोर केला तर ती फुटेल, वाढवली जाईल, इथं, या सगळ्यांसमोर, तुझ्या हातात, ही भीती वाटून माझेच हात ताठ झाले. काकूनं बाहेर आवाज दिला, "भाऊजी, आवरा तुमच्या पोरीले."

बाबा आत आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बांगडीकडं पाहिलं. ती कुठली आहे हे त्यांना न सांगता कळलं, ते त्याच धंद्यातले. मला वाटलं आता हातातून घेतील आणि बाहेर जातील. ते खाली बसले. म्हणाले, "तेल आन."

कुणी हललं नाही. मग आई उठली. तीच, जी मघाशी अडवत होती. वाटी घेऊन आली आणि वाटी ठेवताना तिनं काकूकडं पाहिलं नाही.

बाबांनी तुझा हात घेतला. किती वेळ ते चोळत होते, दाबत होते, मला सांगता येणार नाही. बाहेर तिरडी बांधून झाली होती, कुणीतरी खाकरत होतं. एकदा ते थांबले आणि अगदी हळू, गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोलले, "बाई, हात ढिला सोड वं. मी हावो ना."

बांगडी गेली. फिकट जागेवर जाऊन बसली.

मग नमस्कार. भरून घेणारीनं भरणाऱ्याला करायचा असतो. तू करणार नव्हतीस. बाबांनीच तुझ्या त्या हातावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. काकू उठून बाहेर गेली. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. उरलेल्या बसून राहिल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. एकीनं आपल्या हातातल्या बांगड्या पदराखाली झाकून घेतल्या, एवढं मी पाहिलं.

राख सावडून बाबा आले तेव्हा त्यांच्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. काचेचा एक लहानसा गोळा, वितळून वाकडा झालेला, काळपट. उजेडापुढं धरला तर एका कडेला हिरवा. बाबांनी तो तुझ्या गोल डब्यात ठेवला. मी रोज काढून पाहते. हा उद्या मातीत कुणाला सापडला, तर तो एवढंच म्हणेल की इथं एक बाई होती आणि जाताना तिच्या हातात बांगडी होती. तिचा नवरा आधी मेला की मागून, हे त्याला कळणार नाही. तू ज्या बाईचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिलास, तिलाही कदाचित अशीच कुणीतरी, असंच भांडून, बांगडी भरली असेल. मला हे नुसतं वाटतं. माझ्याकडं पुरावा नाही.

बातमी अकोल्याला पोचली. काकूनंच पोचवली असणार. त्यांच्याकडून निरोप आला की झालं ते झालं, पण तो चुडा नको, आम्ही नवा घेऊन येतो. मग मुलाचा फोन आला. म्हणाला, आईला कसंतरी वाटतंय. मी विचारलं, "तुला?" तो काही बोलला नाही. मी पण फोन धरून गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं, तो ठेवेल म्हणून वाट पाहत होते. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मला विचार करू दे." मी म्हटलं, कर. लग्न होईल का, मला ठाऊक नाही. आईला झोप नाही. ती एकदा म्हणाली, तशीच हिरवी एक शोधून आणू, मोजून पूर्ण करू, कोनाले कळते? तिचंही चुकत नाही.

आज दुपारी पोपटीवाल्या सासू-सून गेल्यावर बाबांनी तो डबा मागितला. चुडा मोकळा करून त्यांनी एकेक बांगडी फडक्यानं पुसली, तू पुसायचीस तशी, उजेडापुढं धरून. त्यांना ते काम सरावाचं नाही, इतकी वर्षं पुसलेली आयतीच हातात येत होती. मी समोर बसले. पुसून झाल्यावर ते पुन्हा दोऱ्यात ओवायला लागले आणि शेवटाला थांबले.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दोऱ्याला गाठ मारली आणि हात पुढं केला, माझं माप घ्यायला. तू कधीच घेतलं नव्हतंस.

मी हात त्यांच्या हातात दिला, आत्या. ढिला.